उरलेल्या सहांतला एक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवर बोलण्यासाठी मी आज विषय निवडलाय तो अशा माणसाचा, ज्याच्या सगळ्यात गाजलेल्या चित्रपटात कुणी बोलतच नाही. ध्वनिमुद्रणाआधी इथल्या एका मित्रानं विचारलं, 'मध्ये एखादा संवाद ऐकवू या का?' म्हटलं, बाबा रे, संवादच नाहीत. वल्ह्याचा आवाज आहे, पाण्याचा आहे, वाऱ्याचा आहे आणि हिकारू हायाशी नावाच्या संगीतकाराची एक धून आहे, जी एकदा कानात बसली की दोन दिवस हलत नाही. बाकी दीड तास माणसं गप्प राहून काम करतात.

या दिग्दर्शकाचं नाव कानेतो शिंदो. जपानी सिनेमा म्हटला, की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते अकिरा कुरोसावांचं. फिल्म सोसायटीत जाणारे मग ओझू आणि मिझोगुची यांची नावं घेतात. शिंदोंपर्यंत गाडी फारशी येत नाही. वयानं ते कुरोसावांपेक्षा दोनच वर्षांनी लहान. जन्म २२ एप्रिल १९१२ चा, मृत्यू २९ मे २०१२ चा. म्हणजे शंभर वर्षं आणि वर सव्वा महिना. शेवटचा चित्रपट केला तेव्हा ते ९८ वर्षांचे होते. पण मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे ते या दीर्घायुष्याचं कौतुक म्हणून नव्हे. हे आयुष्य आपलं एकट्याचं आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही. ते का, हे थोड्या वेळानं सांगतो. आधी तो मुका चित्रपट.

'हादाका नो शिमा', म्हणजे 'उघडं बेट'. साल १९६०. समुद्रातलं एक टेकडीएवढं बेट. त्यावर एकच कुटुंब राहतं. नवरा, बायको आणि दोन मुलगे. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. विहीर नाही, झरा नाही. पाणी शेजारच्या मोठ्या बेटावरून आणायचं. पहाटे दोघं नवरा-बायको होडी वल्हवत जातात, लाकडी बादल्या भरतात, परत येतात. मग खांद्यावर कावड, कावडीला दोन बाजूंना दोन बादल्या, आणि समोर उभी चढण. पाऊलवाट इतकी अरुंद, की एका वेळी एकच पाऊल मावावं. वर पोचलं, की ओगराळ्यानं एकेका रोपाच्या मुळाशी थोडं थोडं पाणी घालायचं. माती ते क्षणात पिऊन टाकते. ओला डाग दिसतो न दिसतो तोच सुकतो. मग पुन्हा खाली, पुन्हा होडी, पुन्हा चढण.

पहिली पंधरा-वीस मिनिटं एवढंच चालतं. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा आसपासची मंडळी खुर्चीत चुळबुळ करू लागली होती. मी मात्र त्या बाईच्या पायांकडे पाहत होतो. माझी दादी उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन ओढ्यातून वर यायची तेव्हा अशीच चालायची. गुडघ्यातून किंचित वाकून, मान न हलवता, नजर पुढच्या पावलावर. ज्यांच्या घरात पाणी नळानं येत नव्हतं, त्यांना ही चाल कोणी समजावून सांगायला नको. कावडीचा बांबू प्रत्येक पावलाला वाकतो, बादलीतलं पाणी हिंदकळतं, आणि पाहणाऱ्याचा श्वास तिथं अडकतो. ओझं खोटं असतं तर बांबू असा वाकला नसता.

मग ते घडतं. चढणीवर बायकोचा पाय घसरतो आणि एक बादली सांडते. नवरा येतो, काही न बोलता तिला एक थप्पड मारतो. ती पडते. पुन्हा उठते. दोघं कामाला लागतात. आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः बायकांना, या जागी राग येतो आणि तो यायलाच हवा. शिंदो त्या थपडेचं समर्थन करत नाहीत आणि पार्श्वसंगीत वाजवून तिचा निषेधही करत नाहीत. बादलीभर पाण्याची किंमत त्या घरात काय आहे, एवढंच ते दाखवतात. हिशेब आपण करायचा.

सुखाचे प्रसंगही आहेत. लोखंडी पिंपात पाणी तापवून चौघं आळीपाळीनं आंघोळ करतात. मुलं एक मोठा मासा पकडतात. मग घरदार चांगले कपडे घालून शहरात जातं, मासा विकतं, खानावळीत जेवतं, दुकानातल्या टीव्हीपुढे थबकतं. थोड्या दिवसांनी थोरल्याला ताप भरतो. बाप होडी वल्हवत, धावत डॉक्टरला शोधून आणतो, पण उशीर झालेला असतो. शाळेतले गुरुजी आणि वर्गातली मुलं होडीतून येतात. बेटाच्या माथ्यावर त्याला पुरतात.

आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाणी. कारण रोपं तहानलेली आहेत. एके दिवशी ती आई पाणी घालता घालता थांबते. बादली उचलते आणि उपडी करते, सगळं पाणी जमिनीवर. मग रोपं उपटायला लागते, मातीत तोंड घालून रडते. नवरा उभा राहून पाहतो. पहिल्यांदा चुकून सांडलं होतं तेव्हा त्यानं थप्पड मारली होती. आज तिनं जाणूनबुजून ओतलंय आणि तो हात उचलत नाही. जवळही घेत नाही. थोडा वेळ पाहतो आणि आपल्या रोपांना पाणी घालू लागतो. काही वेळानं तीही उठते, ओगराळं हातात घेते.

कवी म्हणून मला या जागेचा हेवा वाटतो. दोन पाणी सांडण्यांच्या मध्ये एका लग्नाची सगळी गोष्ट आहे आणि तिला एक शब्दही लागलेला नाही. गंमत म्हणजे शिंदो हे मुळात शब्दांवर पोट भरणारे गृहस्थ. पटकथाकार. दोनशेहून अधिक पटकथा त्यांनी लिहिल्या. आयुष्यभर इतरांसाठी संवाद लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या चित्रपटातून तो खोडून टाकला.

हा चित्रपट झाला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. शिंदोंनी १९५० मध्ये दिग्दर्शक कोझाबुरो योशिमुरा आणि नट ताइजी तोनोयामा यांच्याबरोबर स्वतःची छोटी चित्रसंस्था काढली होती. शोचिकूसारख्या मोठ्या स्टुडिओची नोकरी सोडून. त्यांच्या गोष्टी स्टुडिओला फार काळोख्या वाटत. दहा वर्षांत ही संस्था कर्जात बुडाली. आता बंदच करायची, तर शेवटचा एक चित्रपट मनासारखा करून मग बंद करू, असं ठरलं. खर्च सुमारे ५० लाख येन, त्या काळच्या जपानी चित्रपटाच्या मानानं अगदीच किरकोळ. दोन मुख्य कलावंत आणि अकरा तंत्रज्ञ, अशी तेरा माणसं. हिरोशिमा प्रांतातल्या मिहारा शहराजवळच्या समुद्रात सुकुने नावाचं निर्मनुष्य बेट आहे, तिथं चित्रीकरण. मंडळी शेजारच्या बेटावर एकत्र राहत. नवऱ्याचं काम तोनोयामांनी केलं. हे तोनोयामा पट्टीचे पिणारे, यकृताचं दुखणं बळावलेलं. बेटावर दारूच मिळेना, त्यामुळे गडी बरा होऊन परतला, असं शिंदो सांगत. बायकोचं काम नोबुको ओतोवा यांचं. १९६१ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, साठाहून अधिक देशांत तो विकला गेला आणि बुडणारी संस्था तरली. संवाद नसल्यामुळे कुठल्याच देशात भाषेची अडचण आली नाही, हा त्यातला व्यवहाराचा भाग.

आता मागे जाऊ. शिंदोंचा जन्म हिरोशिमाजवळच्या इशिउची या खेड्यातला. घर जमीनदाराचं. वडील कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिले आणि सगळं गेलं. जमीन गेली, घर गेलं. जामीन राहून बसलेलं असं एखादं घर आपल्याही प्रत्येक गावात असतं. वडील गप्प गप्प होत गेले, आई शेतात राबत राहिली आणि लवकर गेली. पुढे १९८६ मध्ये 'पानं गळलेलं झाड' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट त्यांनी या आईवर केला. 'उघडं बेट'मधली पाण्याच्या ओझ्याखाली वाकलेली बाई कुठून आली असेल, हे तो पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

पोरगा थोरल्या भावाकडे ओनोमिची या बंदराच्या गावी राहिला. तिथं १९३३ मध्ये सादाओ यामानाका या तरुण दिग्दर्शकाचा एक चित्रपट त्यानं पाहिला आणि ठरवलं, की हेच करायचं. पुढच्या वर्षी क्योतोच्या शिंको किनेमा या स्टुडिओत नोकरी मिळाली, पण कुठं, तर फिल्म धुण्याच्या खात्यात. ओल्या फिल्मा वाळवायच्या, गुंडाळायच्या. चित्रपट आधी कागदावर लिहावा लागतो, हेही त्याला ठाऊक नव्हतं. ते कळलं संडासात. जुन्या पटकथांचे कागद तिथं वापरायला ठेवलेले असत. हा ते कागद घरी नेऊन वाचायचा, अभ्यासायचा. जपानच्या एका मोठ्या पटकथाकाराची शाळा ही अशी.

तिथून कला विभागात आणि मग केन्जी मिझोगुचींच्या हाताखाली. मिझोगुची म्हणजे तिथल्या सिनेमातले जमदग्नी. शिंदोंनी भीत भीत आपली पहिली पटकथा त्यांना दाखवली. वाचून ते म्हणाले, ही पटकथा नाही, नुसती गोष्ट आहे. शिंदो खचले. त्यांना सावरलं ते ताकाको या मुलीनं. ती स्टुडिओत चित्रीकरणाच्या नोंदी ठेवायचं काम करायची आणि त्यांची पत्नी होती. शिंदो जगभरच्या नाटकांचे खंड आणून वाचत बसले आणि पुन्हा लिहायला लागले. पण १९४३ मध्ये ताकाको क्षयानं गेली. नवऱ्याचं नाव झालेलं तिनं पाहिलं नाही.

वर्षभरात नौदलाची नोटीस आली. १९४४ चा एप्रिल. वय ३२. जपान हरत आला होता आणि आता बायकापोरं असलेल्या, तिशी ओलांडलेल्या लोकांनाही उचललं जात होतं. शिंदोंच्या तुकडीत अशी शंभर माणसं होती. त्यांना काम दिलं ते झाडलोटीचं. नौदलाच्या पोरसवदा छात्रांसाठी इमारती साफ करायच्या. वयानं लहान वरिष्ठ त्यांना दांडक्यानं बडवायचे.

साफसफाई संपली, की पुढं कुणी कुठं जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरे. आणि चिठ्ठ्याही हे स्वतः उचलत नसत, वरचे अधिकारी यांच्या नावानं उचलत. पहिल्या खेपेला साठ जण फिलिपिन्सकडे निघाले आणि वाटेत समुद्रातच गेले. मग तीस जण पाणबुड्यांवर. उरले दहा. त्यांना ताकाराझुका इथल्या प्रसिद्ध नाट्यगृहात धाडलं. युद्धामुळे तिथले खेळ बंद होते आणि नौदलानं ते ताब्यात घेतलं होतं. पुन्हा झाडू. पुन्हा चिठ्ठी. चार जण किनारा राखणाऱ्या जहाजांवर गेले. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटाचं भाषण रेडिओवर झालं तेव्हा शंभरांतले सहा जण जिवंत होते. शिंदो त्या सहांतले एक.

श्रोतेहो, शंभरांतून चौऱ्याण्णव वजा. त्यात शौर्य नाही, हुशारी नाही, पुण्याई नाही. कुणा अधिकाऱ्याच्या बोटांना दुसरा कागद लागला, एवढंच. त्या चौऱ्याण्णवांच्या आत्म्यांना बरोबर घेऊन आपण जगत आलो, असं शिंदो म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगत. आणि मला वाटतं, त्यांचे चित्रपट पाहायची किल्ली इथं आहे. त्यांच्या चित्रपटांत मेलेल्या माणसापेक्षा मागं उरलेलं माणूस महत्त्वाचं असतं. उरलेल्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं, हा त्यांचा प्रश्न.

दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट, १९५१ चा, त्यांनी ताकाकोवर केला. 'प्रिय पत्नीची कथा'. ताकाकोचं काम नोबुको ओतोवा यांनी केलं. त्या ताकाराझुकाच्याच नाट्यसंस्थेतून पुढं आलेल्या. ज्या थिएटरात शिंदोंनी झाडू मारला, तिथल्याच. पुढं ओतोवांनी मोठ्या स्टुडिओचा करार सोडला आणि या कफल्लक मंडळीत येऊन सामील झाल्या.

१९५२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा लष्करी ताबा संपला. तोवर अणुबॉम्बबद्दल मोकळेपणानं काही दाखवणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला शिंदोंचा 'हिरोशिमाची मुलं' पडद्यावर आला. एक बालवाडीशिक्षिका काही वर्षांनी आपल्या गावी परतते आणि तिच्या वर्गातली जी दोन-चार मुलं वाचली, त्यांना शोधत घरोघर जाते. शिक्षिकेचं नाव त्यांनी ठेवलं ताकाको. चित्रीकरण प्रत्यक्ष हिरोशिमात, अवशेष तसेच उभे असताना. वडिलांकडे पूर्वी कामाला असलेला म्हातारा तिला रस्त्यावर भीक मागताना भेटतो, चेहरा भाजलेला, डोळे जवळजवळ गेलेले. त्याच्या नातवाला ती बरोबर नेऊ पाहते. तो आधी देत नाही, कारण त्याला उरलेलं एवढंच आहे.

या चित्रपटाला जपानच्या शिक्षक संघटनेचा पाठिंबा होता. पूर्ण झालेला चित्रपट पाहून संघटना नाराज झाली. तुम्ही नुसता रडवणारा चित्रपट केलात, राजकीय धार घालवलीत, असं तिचं म्हणणं. तिनं पुढच्या वर्षी दुसऱ्या दिग्दर्शकाकडून, हिदेओ सेकिगावांकडून, वेगळा 'हिरोशिमा' करून घेतला. संघटनेचं अगदीच खोटं होतं असं नाही. काही ठिकाणी संगीत फार भरून येतं, डोळे पुसायला लावतं. तरीही मला शिंदोंची बाजू पटते. बॉम्ब कुणी टाकला आणि का, हे पुस्तकांतून कळतं. आजोबांनी नातू द्यावा की न द्यावा, हे पुस्तकं सांगत नाहीत.

अणुबॉम्बचा विषय त्यांनी सोडला नाही. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तेव्हा एका जपानी मासेमारी बोटीवरच्या तेवीस जणांवर किरणोत्सारी राख पडली. बोटीचा वायरलेसवाला कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारला. त्यावर शिंदोंनी १९५९ मध्ये चित्रपट केला आणि तो चालला नाही. कर्जाचा डोंगर वाढला तो यामुळेही. १९८८ मध्ये पुन्हा, ६ ऑगस्टच्या सकाळी हिरोशिमात मुक्कामाला असलेल्या साकुरा-ताई या नाटकमंडळीतल्या नऊ कलावंतांवर. पाच जण जागीच गेले, उरलेले चौघे काही दिवसांत.

१९६४ चा 'ओनिबाबा' मात्र वरवर पाहता भुताखेताचा चित्रपट. जुन्या काळातलं युद्ध चालू आहे. माणसाहून उंच गवताचं रान. त्यात एक सासू आणि एक सून. कमावता मुलगा लढाईवर गेलेला. वाट चुकलेल्या सैनिकांना या दोघी मारतात, चिलखत काढून घेतात, मढं खोल खड्ड्यात टाकतात आणि चिलखताच्या बदल्यात धान्य आणतात. सून कुणा पुरुषाच्या मागं जाऊ नये म्हणून सासू तिला राक्षसी मुखवटा लावून भिववते आणि मुखवटा चेहऱ्याला चिकटून बसतो. तो फोडून काढतात तेव्हा खालचा चेहरा सोललेला असतो. हा चेहरा अणुबॉम्बमध्ये भाजलेल्यांच्या चेहऱ्यांवरून आपण घेतला, असं शिंदोंनी सांगून ठेवलंय. भीतीची मजा घ्यायला आलेल्या प्रेक्षकाला त्यांनी हिरोशिमात नेऊन उभं केलं. सासू झाल्या होत्या ओतोवाच, वयाच्या चाळिशीत. त्या नटीनं देखणं दिसण्याचा हट्ट इतका सहज सोडलेला पाहून मला आपल्याकडच्या दोन-तीन नट्या आठवल्या, नावं घेत नाही.

ओतोवा आणि शिंदो यांचं नातं सरळ नव्हतं. शिंदोंनी युद्धानंतर दुसरं लग्न केलं होतं, घर होतं, मुलं होती, आणि ओतोवांशी असलेले संबंध वर्षानुवर्षं तसेच चालू राहिले. त्यांनी लग्न केलं ते १९७८ मध्ये. चित्रपटांच्या इतिहासात ही एक थोर सहजीवनाची कथा म्हणून सांगतात. ती आहेही. पण त्या दुसऱ्या घरात वाट पाहत बसलेल्या बाईचं काय, हा प्रश्न मला पडतो. उरलेल्या माणसांवर इतकं लिहिणाऱ्या माणसाबाबत तर जास्तच पडतो.

ओतोवांना यकृताचा कर्करोग झाला तेव्हा शिंदोंनी त्यांच्यासाठी 'दुपारचं मृत्युपत्र' हा चित्रपट हाती घेतला. सोबत हारुको सुगिमुरा या रंगभूमीवरच्या वयोवृद्ध अभिनेत्री. म्हातारपणाबद्दलचा इतका खेळकर चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. ओतोवांनी काम पूर्ण केलं आणि २२ डिसेंबर १९९४ ला त्या गेल्या. चित्रपट लोकांनी पाहिला १९९५ मध्ये. ताकाकोवरच्या चित्रपटापासून सुरू झालेली ही जोडी, आणि शिंदो पुन्हा मागं उरले. वय ८२.

मध्यंतरीच्या काळाबद्दल थोडक्यात. स्वतःच्या चित्रपटांना पैसा लागे म्हणून ते इतरांसाठी सपाटून लिहीत. मेलेल्या धन्याची स्टेशनवर वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या कुत्र्याचा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, रिचर्ड गेअरचा. तो १९८७ च्या 'हाचिको मोनोगातारी' या जपानी चित्रपटावरून केलेला आणि त्या मूळ चित्रपटाची पटकथा शिंदोंची. तो कुत्राही मागं उरलेल्यांतलाच. त्यांच्या सगळ्याच चित्रपटांबद्दल असं काही सांगता येणार नाही. स्वतः दिग्दर्शित केलेले पन्नासच्या आसपास आहेत आणि त्यांत फसलेलेही आहेत.

आता शेवटचा, 'एक पोस्टकार्ड'. २०१० सालचा. दिग्दर्शक चाकांच्या खुर्चीत, नात मदतीला. गोष्ट त्यांच्याच तुकडीची. फिलिपिन्सला निघालेल्या साठांत एक शेतकरी होता. जायच्या आधी त्यानं शिंदोंना बायकोचं पोस्टकार्ड दाखवलं होतं. आज गावात सण आहे, पण तुम्ही नाही, त्यामुळे कशातच जीव नाही, अशा अर्थाचं दोन ओळींचं. सैन्यात पत्रं तपासली जायची, त्यामुळे याहून जास्त तिला लिहिता येत नव्हतं आणि त्याला उत्तरात काहीच लिहिता आलं नसतं. शिंदोंनी ते दोन ओळींचं कार्ड ६५ वर्षं डोक्यात सांभाळलं.

चित्रपटात तो सैनिक कार्ड आपल्या सोबत्याला देतो. तू जगलास तर माझ्या बायकोकडे जा, मी हे वाचलं होतं एवढं तिला सांग. सोबती वाचतो. स्वतःच्या घरी परततो तर घर मोकळं, बायको त्याच्याच बापाबरोबर निघून गेलेली. मग तो कार्ड घेऊन त्या दुसऱ्या बाईच्या दारात जातो. तिनं सासरच्यांच्या सांगण्यावरून धाकट्या दिराशी लग्न केलं होतं, तोही लढाईत गेला होता. सासू-सासरे गेले. ती एकटी. 'तुम्ही का जगलात?' असा तिचा सवाल. त्याच्याकडे उत्तर काय असणार? चिठ्ठी. कुणीतरी काढलेली चिठ्ठी. ती ओरडते, आदळआपट करते, तो ऐकून घेतो. 'उघड्या बेटा'त जे पन्नास वर्षांपूर्वी कुणी बोललं नव्हतं ते सगळं, मला वाटतं, या बाईच्या तोंडून बाहेर पडतं. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी म्हाताऱ्यानं अखेर संवाद लिहिला.

तोक्यो महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाला. शेवटी त्या बाईचं घर जळून जातं. ती आणि तो परका माणूस ठरवतात, की जळलेल्या जागेवर गहू पेरायचा. दोघं कावडी खांद्यावर घेतात आणि पाणी आणायला निघतात. तीच चाल, गुडघ्यातून किंचित वाकलेली.

पुढच्या वर्षी शंभरावा वाढदिवस झाला आणि महिनाभरानं शिंदो गेले. ओतोवांच्या अस्थींचा काही भाग सुकुने बेटापाशी समुद्रात सोडला होता. शिंदोंच्याही तिथंच सोडल्या. बेटावर कुणी राहत नाही. पाणी अजूनही नाही.